लुईस बाटली हलवतो

गास गावातल्या लुईस तुस्कानोला एकच खोड. बाटली दिसली की हलवायची. खोकल्याचं औषध, व्हिनेगर, एवढंच काय, शेजारणीचं खोबरेल तेलही. "पाळण्यात घाला तिला," त्याची बायको प्रिस्का म्हणायची आणि अख्खी आळी हसायची. आळीला काय ठाऊक, याच खोडीवर गडी एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं पगार घेत होता.

खोल खडकातल्या गॅसमध्ये हलकं, महागडं तेल वाफ होऊन मिसळलेलं असतं. गॅस उपसत गेलं की आतला दाब उतरतो, तेलाचे थेंब होतात आणि खडकालाच चिकटून बसतात. असं किती तेल बुडणार, याचा अंदाज नमुन्यावरून आधीच बांधायचा. नमुना येतो पोलादी बाटलीत. ती गॅसच्या विहिरीच्या तळाइतकी तापवून तासन्‌तास हलवायची, तळाला बसलेलं तेल पुन्हा गॅसमध्ये मिसळलं की मगच उघडायची.

निवृत्तीला आठवडा उरला असताना विघ्नेश नावाच्या तरुण इंजिनिअरने अहवाल पुढ्यात ठेवला. नऊच टक्के तेल बुडणार, म्हणजे खुशाल उपसा. शुक्रवारी साहेबांची बैठक.

"बाटली किती वेळ हलवली?"

"अर्धा तास असेल, सर. घाई होती."

"अर्ध्या तासात आमच्या घरी सरबत होत नाही, बाबा."

"सही करा ना सर. जाता जाता कशाला?"

"जाता जाताच. नंतर मला कोण विचारतंय?"

तळाचं तेल तळाशीच राहिलं आणि वरचा विरळ गॅस मोजला गेला, म्हणून आकडा एवढा गोड. आता एकच न उघडलेली बाटली शिल्लक होती. विहिरीतला दाब एव्हाना उतरलेला, त्यामुळे पहिल्या दिवसाचा तसा नमुना पुन्हा मिळणं नाही. ही बिघडली तर नऊचाच आकडा बैठकीत जाणार होता.

दोन दिवस लुईस त्या बाटलीशेजारून हलला नाही. डबासुद्धा तिथेच खाल्ला.

"सव्वीस," गुरुवारी विघ्नेश खालच्या आवाजात म्हणाला, आणि जुना अहवाल त्याने स्वतःच फाडला. शुक्रवारी ठरलं, उपसा बेताने करायचा आणि थोडा गॅस परत आत ढकलून दाब टिकवायचा.

निरोपाला विघ्नेश घरी आला. प्रिस्काने जांभळाची वाईन काढली. लुईसचा हात बाटलीकडे गेला.

"ही नाही हां. आठ महिने गाळ बसवलाय मी."

"बरं," म्हणत लुईसने हलवलीच.

सगळ्यांनी गढूळ वाईन प्यायली. विघ्नेशने दुसरा ग्लास मागून घेतला.