मोरोक्कोची म्हैस

मी गेली वीस वर्षं गावाच्या दुधातलं पाणी पकडतो, आणि माझी एकुलती एक मुलगी दूध पीत नाही.

बेलापूरच्या अलीकडे, प्रवरेच्या काठाला आमचं गाव. घराच्या पुढच्या खोलीत दूध संकलन केंद्र, मागच्या खोल्यांत आम्ही, आणि परड्यात दोन गायी. दूध आलं की मशीनच्या नळीला लावायचं, फॅट बघायची, पाणी बघायचं, पावती फाडायची. या धंद्यावर मी ऋतुजाला पुण्याला शिकवलं, नोकरीला लावलं, आणि दोन वर्षांपूर्वी तिनं फोनवर सांगितलं, "पप्पा, मी व्हीगन झाले."

"कधीपर्यंत?" मी विचारलं.

व्हीगन म्हणजे दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही! ही बातमी गावात पोचायला एक दिवस लागला. केंद्राच्या ओट्यावर कायम पसरलेले बबनतात्या (यांच्या दुधात मला रोज पाणी सापडतं आणि ते रोज नव्यानं आश्चर्य करतात) म्हणाले, "म्हंजी उपास का?"

"तसंच काहीतरी."

"आवं पन उपासाला दूध चालतं की!" मग जरा विचार करून, "डेअरीवाल्याची पोरगी दूध पीत न्हाई म्हंजी तिला आतलं काय तरी म्हाईत आसंल."

गावाचं मी मनावर घेतलं नाही. मनावर घेतला तो ऋतुजाचा डबा. दर वेळी ती पुण्याहून एक निळा डबा घेऊन यायची आणि आमच्याच स्वयंपाकघरात, आमच्याच पाटावर बसून तो उघडायची. आम्ही पोळीवर तूप घेऊन खाली मान घालायचो. मला त्याचं फार वाईट वाटायचं. म्हणून दिवाळीनंतर ती येणार म्हणाली तेव्हा मी जाहीर करून टाकलं, "या खेपेला डबा आणायचा नाही. तुझं जेवण मी करणार."

"तुम्ही?" पलीकडून ती म्हणाली. "मी डबा आणते, पप्पा. नाही लागला तर नाही उघडणार." आणि तिनं मोबाईलवर एक कृती पाठवली. मोरोक्को देशाचं कडधान्याचं सूप. नाव हरीरा. अख्खा मसूर, छोले, टोमॅटो, कांदा, आलं, हळद, दालचिनी, कोथिंबीर आणि सेलरी नावाची कुठलीशी परदेशी भाजी.

माझ्या बायकोनं, मंगलनं, यादी दोनदा वाचली. "ही मसुराची आमटी हाय."

"मोरोक्कोची आहे."

"मोरोक्कोची मसुराची आमटी हाय."

सेलरी शोधायला मी श्रीरामपूरच्या बाजारात गेलो. भाजीवालीला मोबाईलवर फोटो दाखवला. तिनं तो लांब धरून बघितला, "हे आजारी मानसाचं दिसतंय," म्हणाली आणि मला कोथिंबिरीची जुडी दिली. येताना मी कुकरची नवी रिंगही घेतली, कारण मोरोक्कोच्या कामाला जुनी रिंग बरी दिसत नाही.

ज्या दिवशी ती येणार त्या सकाळी मी मंगलला स्वयंपाकघराबाहेर काढलं. तिचा स्वभाव चांगला आहे, पण हात वाईट. कुठल्याही पातेल्यावरून तिचा हात गेला की चमचाभर तूप पडतंच. तीस वर्षांची सवय!

"आज तुपाच्या बरणीपासून चार हात लांब राहायचं," मी बजावलं.

"मी कशाला हात लावतीय?" ती म्हणाली. जाता जाता मात्र ओंजळभर मसूर आणि दालचिनीचा तुकडा उचलून ती मागच्या चुलीकडे गेली. मी विचारलं नाही. मला काम होतं.

काम म्हणजे रिंग. नवी होती, ताठ होती, झाकणात बसेना. पण वीस वर्षं दुधाच्या कॅनच्या झाकणांची रबरं बसवणाऱ्या माणसाला रिंगचं काय कौतुक! माझी जुनी हातोटी वापरली आणि गपकन बसवली. मग शेंगदाण्याच्या तेलावर कांदा, टोमॅटो, मसाला, भिजवलेले छोले, मसूर, वरून दोन तांबे पाणी. झाकण लावलं आणि अडलो. कृतीत लिहिलं होतं, पंचवीस मिनिटं. शिट्ट्या किती, ते कुठंच नाही!

ऋतुजाला फोन लावला. ती एसटीत होती. "मिनिटं नको, शिट्टीत सांग."

"पप्पा, तिकडे शिट्ट्या नसतात!"

मी सहा धरल्या. स्टूल घेऊन मोजायला बसलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. कुकर नुसता थरथरत होता. मंगल दारातून म्हणाली, "अवं, शिट्टी का होईना?"

"मोरोक्कोत शिट्ट्या नसतात," मी शांतपणे सांगितलं.

तेवढ्यात सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला! टोमॅटोचं साल शिट्टीत अडकलं होतं हे नंतर कळलं. त्या घटकेला एवढंच कळलं की निम्मं सूप छताला गेलं, त्यातलं निम्मं कॅलेंडरवर आलं आणि एकादशी, संकष्टी आणि गॅस बुक करायची तारीख एकाच रंगाची झाली. मी स्टुलासकट ओट्याखाली होतो. मंगलनं पुढं होऊन गॅस बंद केला.

गार झाल्यावर झाकण काढलं. तळाला चार वाट्या उरलं होतं. वास खरंच छान होता. पण वर बघतो तर पिवळाधमक तवंग! आता, तवंगाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये.

"मंगल, तूप घातलंस."

"न्हाई घातलं!"

"सवयीनं पडलं असेल. खरं सांग, पोरगी तासाभरात येईल."

"तुमची आन! बरनीला बोट लावलं न्हाई मी!"

आता बायकोनं नवऱ्याची शपथ घेतल्यावर समजूतदार माणूस गप्प बसतो. पण माझ्यातला डेअरीवाला गप्प बसेना. पुढच्या खोलीत लाखाचं मशीन आहे. थेंबभर दुधातली फॅट सांगतं. ते माझ्या बायकोसारखं शपथा घेत नाही.

मी वाटीभर सूप चहाच्या गाळणीनं दोनदा गाळलं आणि मशीनच्या नळीला लावलं. सभासद नंबर मागितला, तो माझाच टाकला. मशीननं सूप ओढलं, जरा कण्हलं, आणि पावती बाहेर आली: म्हैस (फॅट जास्त दिसली की मशीन म्हैस धरतं). फॅट सहा पूर्णांक चार. पाणी शून्य.

"बघ! सहा पूर्णांक चार! हे तूप नाही तर काय आहे?" मी ओरडलो. मंगलनं डोळ्याला पदर लावला आणि आत निघून गेली.

ओट्यावर झोपलेले बबनतात्या तेवढ्यानं उठले. खिडकीतून त्यांनी पावती वाचली, वाटी बघितली, छताचे थेंब पडलेला माझा सदरा बघितला. "काय हाय हे?"

"सूप."

"पानी किती घातलं हुतं?"

"दोन तांबे." बोललो आणि जीभ चावली.

"दोन तांबे घालून शून्य?" तात्या खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. "मंग माझ्याच दुधात रोज पानी कसं घावतं वं?"

मी मशीन धुवायला घेतलं. ते पाणी ओढेना. मसुराचं साल आत, दुरुस्तीचा माणूस बाहेरगावी, आणि संध्याकाळचं संकलन दोन तासांवर! त्या संध्याकाळी सगळ्यांचं दूध न तपासता कालच्याच फॅटवर घ्यावं लागलं. ही बातमी तात्यांनी वेळेत गावभर पोचवली, त्यामुळे दूध जरा जास्तच आलं आणि जरा जास्तच पातळ आलं. मी पावत्या फाडत राहिलो.

पण ते नंतर. आधी ऋतुजा आली. खांद्याला पिशवी, पिशवीत निळा डबा, हातात मोबाईल. उंबऱ्यातच तिनं विचारलं, "पप्पा, आपण म्हैस कधी घेतली?"

मी विसरलो होतो. माझ्या खात्याला तिनंच तिचा नंबर जोडून दिला होता (माझ्या मोबाईलमध्ये मेसेज मावत नाहीत). प्रत्येक पावतीचा मेसेज तिला जातो.

"दुपारी अडीच वाजता आपल्या म्हशीनं पाव लिटर दूध दिलंय. सहा पूर्णांक चार. हे काय आहे?"

मी सगळं सांगितलं. आईनं तूप घातलं, मशीननं पकडलं, पुरावा हा. ती ऐकत ऐकत आत गेली, छताकडे बघून आली आणि पाटावर बसली.

"पप्पा, शेंगदाण्याचं तेल घातलंत ना? त्याचीही फॅटच दाखवणार. मशीनला काय कळतंय तेल कुठलं नि तूप कुठलं?"

वीस वर्षं मशीन चालवतो. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग तूप नाहीच!" मी आनंदानं म्हणालो. "खा!"

तिनं वाटी उचलली, नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. "तुपाचा वास येतोय. आई, तू खरंच नाही घातलंस?"

"न्हाई गं बाई!"

"पप्पा, पहिल्यापासून काय काय केलंत ते ओळीनं सांगा."

मी सांगत गेलो. बाजार, कोथिंबीर, रिंग.

"ताठ रिंग कशी बसवली?"

"कॅनचं रबर बसवतो तशीच. बोटभर तू..."

पुढचं अक्षर तोंडातच राहिलं. बोट मात्र मी आपसूक पुढं धरलं होतं.

ऋतुजानं सावकाश पिशवीतून निळा डबा काढला. मला त्या वेळी खरोखर रडू आलं असतं. पण मंगल उठली, मागच्या चुलीवरचं झाकलेलं पातेलं आणून तिच्यापुढे ठेवलं. "तेलातलं हाय. तूप न्हाई, काय न्हाई. ह्यांचा भरवसा न्हाई म्हनून सकाळीच करून ठेवलं."

ऋतुजानं एक घोट घेतला. "आई! हाच हरीरा! अगदी असाच लागतो!"

"ही मसुराची आमटी हाय," मंगल म्हणाली. "दालचिनी टाकलीय."

पोरगी तीन वाट्या जेवली. डबा उघडलाच नाही; दुसऱ्या दिवशी मंगलनं त्यात आमटीच भरून दिली. मी मंगलची माफी मागितली नाही (आमच्यात तशी पद्धत नाही), पण स्टुलावर चढून छत पुसलं. माझं सूप गायींपुढं ठेवलं, त्यांनीही तोंड फिरवलं.

मशीन दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालं. बबनतात्यांच्या दुधात नेहमीप्रमाणे पाणी निघालं. मी पावती पुढं केली. बोटभर तुपाची गोष्ट एव्हाना ओट्यापर्यंत पोचली होती. तात्यांनी नुसतं एक बोट वर करून दाखवलं. वीस वर्षं गावाची भेसळ पकडतोय. घरातली पकडायला पोरीला पुण्याहून यावं लागलं, आणि ती निघाली माझ्याच बोटाला!