चार अक्षरांचा बांध
प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की देवपूरच्या कॉलेजातल्या आमच्या मॅडम आठवतात. घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळेच झालो. शेवटच्या वर्षी कपाशीच्या मातीतल्या एका जिवाणूच्या जनुकांची यादी करायची होती, आणि ती दोन दिवसांत जळगावच्या विद्यापीठात सादर झाली नसती तर वर्ष वाया जाणार होतं. यादीत कितीतरी जनुकांची टोकं शेजारच्या जनुकात शिरलेली होती. मी शेतकऱ्याचा मुलगा. हद्दीत हद्द शिरली म्हणजे मोजणी चुकली, असं समजून मी सगळी टोकं छाटली आणि छापील प्रत ऐटीत पुढे ठेवली. एरवी पुस्तकी बोलणाऱ्या मॅडम थेट अहिराणीवर आल्या. "हाई काय शे, भाऊ? बांध कोरलास की तू सगळ्यांचा." मग पेन्सिलीने त्यांनी जनुकांच्या लिपीतली चार अक्षरं लिहिली: ए, टी, जी, ए. "पहिली तीन म्हणजे पुढच्या जनुकाची सुरुवात, शेवटची तीन म्हणजे आधीच्याचा शेवट. कधीतरी आधीच्याच्या थांब्यातलं एक अक्षर बदललं, वाचन पुढे वाहत गेलं आणि शेजाऱ्याच्या उंबऱ्यात थांबलं. दोघांचंही छान चाललंय." तीच अक्षरं दोघांची असू शकतात, हे माझ्या कल्पनेतही नव्हतं, आणि मी पानोपानी कापत गेलो होतो. मॅडमनी उरलेले दोन दिवस शेजारी बसून यादी पुन्हा करून घेतली. मी पास झालो. आता मीही शिकवतो. काल त्यांना पत्र पाठवलं: "मॅडम, एका मुलीने यादीतलं शेजारच्यात शिरलेलं टोक दाखवून विचारलं, सर, ही चूक खोडू का? मी म्हणालो, थांब, आधी दोघं बसून वाचू."