दोष दुर्बिणीचा

नोपेरा माझा चुलतभाऊ, आणि दुर्बिणीच्या बंदुकांचा जन्माचा वैरी. उरेवेराच्या रानाच्या कडेला आमचं खोरं आहे. तिथल्या कुठल्याही पोरानं नवी बंदूक आणली आणि तिच्यावर दुर्बीण बसवलेली दिसली, की हा रस्ता ओलांडून त्याला दोन शब्द सुनावायला जायचाच.

"काय रे, बायको बघायला गेलास तेव्हा नळीतनं बघितलंस का? नाही ना? मग हरणानं काय घोडं मारलंय तुझं?"

पोरं हसायची आणि दुर्बीण तशीच ठेवायची. त्याची स्वतःची बंदूक त्याच्या बापाची, फौजेतून आलेली जुनी थ्री-नॉट-थ्री. लाकूड तासून हलकी केलेली, मागे खाच आणि नळीच्या टोकाला लोखंडाची माशी, एवढंच. खाचेत माशी धरायची, माशीवर हरीण धरायचं, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवायचे.

"लोखंडानं नेम धरायचा तर जवळ जावं लागतं," तो सांगायचा. "जवळ गेलं की कान दिसतो, हनुवटी दिसते, पाय दिसतात. सगळं जनावर दिसल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये. दुर्बिणीत काय दिसतं? तपकिरी ठिगळ."

हे भाषण मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. आमच्या मरायवरचं, म्हणजे सभाघराच्या आवारातलं, स्वयंपाकघर बरीच वर्षं माझ्या ताब्यात आहे. खोऱ्यात कुणी गेलं की मयत सभाघरात ठेवतात, लांबलांबून माणसं येतात, दिवसचे दिवस राहतात, आणि आलेल्या प्रत्येकाला पोटभर जेवायला घालावंच लागतं. रताळी, बटाटे, पाव यांची सोय मी करायची. मटण नोपेरा आणायचा. कुणी सांगायला जायचं नाही. बातमी कळली की तो बंदूक घेऊन वर जायचा, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी खांद्यावर हरीण घेऊन उभा. ओल्या चढावर पोटानं सरपटून त्याच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती. मी म्हणायची, "दुर्बीण लावली असतीस तर गुडघे वाचले असते." त्यावर तो असा बघायचा, की मी मुकाट्यानं सुरी हातात घ्यायची.

चेष्टेची गोष्ट नव्हतीच ती. मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

नोपेराचा धाकटा भाऊ तामाती. एप्रिलात नर हरणं माजावर येतात आणि डोंगरभर ओरडतात. आमची माणसं गाईच्या शिंगात तोंड घालून तसंच ओरडतात. दुसरा कुणी माजलेला नर समजून खरा नर चालून येतो. तामातीसारखं शिंग वाजवणारा खोऱ्यात दुसरा नव्हता. आमच्या तरुणपणी एका वर्षी तिघं वर गेले होते, नोपेरा, तामाती, आणि नोपेराच्या बायकोचा, हुरियाचा, भाऊ रेवेती. रेवेती लाकडाच्या गिरणीत कामाला होता आणि त्यानं खोऱ्यातली पहिली दुर्बिणीची बंदूक घेतली होती. लहान मुलाला नवे बूट मिळावेत तसा तो ती घेऊन मिरवत होता. तामाती नेच्यांच्या जाळीत बसून ओरडला. रेवेतीला वाटलं नर आहे, आणि त्यानं गोळी झाडली.

त्या वेळी हुरियाच्या पोटात त्यांचं पहिलं मूल होतं. एका बाजूला मेलेल्याचा भाऊ, दुसऱ्या बाजूला मारणाऱ्याची बहीण, आणि दोघं एका घरात. तामातीला सभाघरात ठेवला होता. आमच्या लोकांनी भिंतीशी काठ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. मी स्वतः बघितल्या. रेवेतीला त्याच्या बापानं दंडाला धरून आत आणलं. पोरगा तामातीच्या पेटीसमोर उभा राहिला. ओठ हलले, आवाज फुटेना. तेवढ्यात नोपेरा उठला.

"याला दोष देऊ नका," तो म्हणाला. "दुर्बिणीत माणूस दिसत नाही, तपकिरी ठिगळ दिसतं. माझा भाऊ त्या काचेनं खाल्ला. या पोरानं नाही."

बाया रडायला लागल्या. आमच्या म्हाताऱ्यांनी आमच्या रीतीनं रेवेतीच्या बापाच्या नाकाला नाक लावून त्याला जवळ केलं. काठ्या कधी नेल्या ते कुणी बघितलंसुद्धा नाही. पुढे कोर्टानं रेवेतीला काही महिने आत बसवलं, पण खोऱ्यात ते प्रकरण त्याच दिवशी मिटलं. नोपेराच्या एका शब्दावर दोन घरं उभी राहिली, आणि तो शब्द नोपेरानं जन्मभर पाळला. दुर्बिणीला हात नाही, दुर्बिणीतून बघणं नाही.

रेवेतीनं पुन्हा बंदूक धरली नाही. मरायच्या चुलीची लाकडं तोच फोडायचा. दर रविवारी नोपेराच्या घरी जेवायला बसायचा, आणि नोपेरा पोरांना दुर्बिणीवरनं झापायला लागला की खाली मान घालून बटाटे सोलत राहायचा. मला वाटायचं, बिचाऱ्याला अजून लागतं. मी नोपेराला म्हटलंही होतं एकदा, "त्याच्यासमोर तरी नको रे." तो म्हणाला, "त्याच्यासाठीच तर बोलतो."

गेल्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला रेवेती गेला. छाती. लाकडं फोडतानाच.

नोपेरानं बातमी ऐकली आणि बंदूक काढली. हुरिया भावाशेजारी जाऊन बसली. मयताच्या सख्ख्यांनी आमच्यात दुसरं काम करायचं नसतं. मटण आणायचं काम जावयाचंच होतं. शिवाय सगळं खोरं बघत होतं. प्रत्येकाच्या मयताला नोपेराच्या हातचं मटण आलं, आणि रेवेतीच्याच मयताला आलं नाही, तर माणसं काय म्हणाली असती? म्हातारा मनात ठेवून होता, असंच.

तो रिकाम्या हातानं परत आला. मागच्या दारात पायरीवर बसला आणि बूटसुद्धा काढेना.

"हरीण होतं," तो मला म्हणाला. "समोर उभं होतं, वाइना. माशीच दिसेना. खाच दिसते तर माशी नाही, माशी दिसते तर हरीण नाही. दोन-दोन माशा दिसायला लागल्या. नाही झाडली गोळी."

डोळे केव्हाचे अधू झाले होते त्याचे. सांगितलं नव्हतं कुणाला, हुरियालाही नाही. माझी पुतणी काहू तिथेच कोबी चिरत होती. आता खोऱ्यात तिच्यासारखा नेम कुणाचा नाही.

"अंकल, मी जाते," ती म्हणाली. "आणते, आणि तुम्हीच आणलं म्हणते. कोण विचारतंय?"

"रेवेतीच्या पानात खोटं मटण घालू?"

"मग माझी बंदूक घ्या."

तिच्या बंदुकीवर दुर्बीण होती.  मी उगीचच पातेलं घासत राहिले. नोपेरा उठला आणि म्हणाला, "कसं बघायचं ते दाखव."

वर काय झालं ते मला काहूनं सांगितलं. तामाती पडला त्या जागेच्या जवळच, तशाच नेच्यांत एक मादी चरत होती. काहूनं त्याला आडवं पडायला लावलं आणि बंदूक खांद्याला टेकवून दिली. त्यानं एक डोळा मिटला. बराच वेळ त्यानं गोळी झाडली नाही. काहूला वाटलं, दुर्बिणीलाही त्याचे डोळे पुरत नाहीत की काय. मग तो हळूच बोलला, "हिचा कान फाटलेला आहे." थोड्या वेळानं, "पापणीवर माशी बसलीय." मग, "तोंडात पान आहे गं." गोळी त्यानं नीटच झाडली, मादी जागच्या जागी पडली. तो मात्र उठला नाही. काहूनं विचारलं, "अंकल, गुडघा?" तो म्हणाला, "तामातीच्या अंगात लाल-काळ्या चौकड्यांचा शर्ट होता."



मटण माझ्या ताब्यात देऊन, हातपाय धुऊन तो सभाघरात गेला. सकाळची वेळ होती, पाहुण्यांची पुढची तुकडी अजून फाटकाशी यायची होती. हुरियाची शाल बाहेर राहिली होती, ती द्यायला मी एप्रन काढून ठेवून आत गेले. आत पेटीजवळ हुरिया, तिची आंधळी आत्या, आणि पेटीच्या पायाशी उभा नोपेरा. आम्ही मेलेल्याशी तोंडावर बोलतो. हवं तर शिव्याही देतो. झाकण लागेपर्यंत तो आमच्यातलाच असतो, आणि त्याला ऐकावं लागतं.

"मेव्हण्या," नोपेरा म्हणाला, "मी आज बघितलं. त्यात सगळं दिसतं. पापणीवरची माशी दिसते. तुला माझा भाऊ कसा दिसला नाही?"

रेवेती काय बोलणार? बोलली हुरिया. मान वर न करता.

"त्यानं बघितलंच नव्हतं."

नोपेरा तिच्याकडे वळला.

"दुर्बिणीला डोळाच लावला नव्हता त्यानं," ती म्हणाली. "तुझ्याआधी पहिला नर मारायचा होता त्याला, नव्या बंदुकीनं. आवाज आला, नेचे हलले, कमरेवरनंच झाडली. बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा सांगितलं त्यानं मला. रडत होता."

"आणि तू मला..."

"मी काय सांगू? त्या दिवशी तो सांगायलाच उभा होता इथं, म्हाताऱ्या. तोंड उघडलं होतं त्यानं. तुझं आधी उघडलं. तू त्याच्या हातात काच दिलीस, आणि सगळं घर रडायला लागलं. मग ती त्यानं कुठं टाकायची? दर रविवारी तू त्याला तीच वाढत होतास."

मला दोघांचाही राग आला, आणि त्या पेटीतल्याचा सगळ्यात जास्त. जन्मभर माझ्या चुलीसाठी लाकडं फोडलीस, तेव्हा एकदा तरी बोलला असतास! ढलप्या गोळा करायला मीच तर शेजारी असायची. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि राग टिकला नाही. फार थकलेला चेहरा होता तो.

नोपेरा खाली बसला. खाली बसताना त्याला त्रास होतो, मी हात दिला, तो त्यानं घेतला नाही. पेटीच्या कडेवर कपाळ टेकवून तो रडला. तामातीच्या मयताला तो रडला नव्हता, कारण त्या वेळी सगळ्यांना सांभाळायचं होतं. हुरियानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्यानं तो झटकला नाही, एवढंच मी बघितलं. बाहेर फाटकावर हाक सुरू झाली. पाहुणे आले होते. मी शाल ठेवून बाहेर आले.

पुरायच्या दिवशी झाकण लावायच्या आधी नोपेरा सगळ्यांसमोर उठला. मला धडकी भरली. काठ्यांचे दिवस गेले असले तरी त्या काठ्या ज्यांच्या हातात होत्या त्यांची पोरं, नातवंडं तिथंच बसली होती.

"मी याच जागी उभा राहून एका काचेला दोष दिला होता," तो म्हणाला. "ते खरं नव्हतं. दोष माणसाचा होता. काचेला दोष द्यायला मला एक क्षण लागला. माणसाला माफ करायला वेळ लागतो, आणि तो वेळ मी याला दिलाच नाही. मला जरा बसू द्या याच्याजवळ."

 तो पेटीजवळ बसला, एक हात आत घालून, रेवेतीच्या मनगटावर. पाद्री थांबला. पेटी उचलणारी पोरं भिंतीला टेकून उभी राहिली. स्वयंपाकघरातली माणसंही दाराशी येऊन थांबली. चुलीवरचं करपत असणार, पण मी कुणाला परत पाठवलं नाही. ऊन दारातून आत सरकत आलं. शेवटी पाद्र्यानं हुरियाकडे बघितलं.

"झालं का रे?" हुरियानं विचारलं.

"नाही," नोपेरा म्हणाला. त्यानं हात बाहेर काढला. "पण लावा झाकण."