पाटणचा जीव, पलूसचा जीव

विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो. सिलिएट म्हणजे अंगावरच्या बारीक केसांनी हिंडणारे, एकाच पेशीचे जीव. त्यांच्या जाती ओळखणं हे माझं काम. दोन जाती कधी इतक्या सारख्या दिसतात की मोजावंच लागतं: पेशीची लांबी, पाठीवरच्या केसांच्या रांगा, पोटाकडचे केसांचे झुबके. एका ठिकाणच्या तीस पेशी मोजल्याशिवाय मी मत देत नाही.

माझ्याकडे पीएच.डी. करणाऱ्या मुलीनं पाटणजवळच्या ओढ्यातून आणि पलूसच्या एका शेततळ्यातून असे जीव आणले होते. तीस-तीस पेशी मोजल्या. आकडे एकमेकांत मिसळत होते. पण दोन्हीकडची एकेक पेशी प्रयोगशाळेत पाठवली, तेव्हा जनुकांच्या अहवालात पाटणचा जीव पार वेगळा निघाला. नवी जात सापडली म्हणून ती हरखली. प्रबंधाचं मुख्य प्रकरण तिनं त्यावरच उभं केलं, आणि तो सादर करायला दोन महिने उरले होते. इतक्या लांबच्या नात्यातले जीव असे रांगेला रांग जुळणारे नसतात, हे मी तिला सांगितलं. पण चूक कुठे आहे ते दाखवता येईना.

त्याच आठवड्यात तिचे वडील लेकीचं काम बघायला आले. आटपाडीकडचे मेंढपाळ. पाटणच्या जिवंत पेशींचा थेंब त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, ह्येच्या पोटात ही बारकी बारकी काय हायत? मी म्हणालो, दुसऱ्या जातीचे छोटे सिलिएट, हा त्यांना गिळतो.

"आवं सर, मग तुमी भरल्या पोटीच तपासताय व्हय? आमी बाजारात भरल्या पोटी मेंढरू तोलून घेत न्हाई. इकणारा मीठ चारून पाणी पाजतोय, आन् वजन पाण्याचं भरतंय."

"आबा, हे मेंढरू नाही," ती ओशाळून म्हणाली.

मी मात्र नोंदवही उघडली. पलूसची पेशी पाठवण्याआधी, मध्ये सुट्ट्या आल्यामुळे, दोन दिवस नुसत्या स्वच्छ पाण्यात उपाशी राहिली होती. पाटणची खाद्य असलेल्या काचेच्या बशीतून थेट उचलून पाठवली होती. मार्गदर्शक मी, हे मी विचारायला हवं होतं.

पाटणच्या पाच पेशी दोन दिवस उपाशी ठेवल्या, तीनदा धुतल्या आणि पुन्हा पाठवल्या. पाचही पलूसच्याशी जुळल्या. पहिला अहवाल गिळलेल्या जीवाचा होता.

नवी जात गेली. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं की आता आकडे आणि जनुकं एकच सांगतात, आणि या प्रकरणावर कुणी बोट ठेवू शकणार नाही. घरी काय सांगणार, असंही विचारलं.

"दोन्ही एकाच भावकीतली निघाली म्हणून सांगीन."

प्रकरणाचं शीर्षक तिनं स्वतःच बदललं. चुकलेला पहिला अहवालही, मी न सांगता, परिशिष्टात जोडला.