मोहाच्या बुंध्यावरची पट्टी

मंगलीबाईला कोणतीही बातमी सांगितली, की ती आधी सांगणाऱ्याकडे बघते, बातमीकडे नंतर. रेशनचा तांदूळ चांगला आला म्हटलं तर ती विचारते, "काऊन? औंदाच काऊन चांगला?" नर्सबाईंनी गोळी दिली, तर ती आधी त्यांनाच खायला सांगते. धानोऱ्यापलीकडच्या तिच्या गावात यावर बरेच विनोद आहेत आणि ते तिच्यासमोरच केले जातात. ती हसत नाही. कोण कोण हसलं, ते लक्षात ठेवते.

तिचा नवरा कोलू जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. धानाचा तुकडा धाकटा दीर इसरू कसतो आणि तिचा वाटा घरी आणून देतो. तो वाटा ती त्याच्यादेखत पाखडून घेते. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच, नाल्याकाठचं मोहाचं झाड. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याखाली पहाटे फुलं पडतात, ओलसर, पिवळट, जड गोड वासाची. ती वेचायची, वाळवायची, विकायची. तिला इसरूपुढे हात पसरावा लागत नाही, ते या झाडामुळे.

गावात मोहाची झाडं घरोघरी वाटलेली आहेत. फूल गळायच्या आधी बुंध्याला पळसाच्या मुळांची दोरी बांधायची. ज्याने बांधली, त्याचं झाड. दुसऱ्या कोणी काही बांधलं आणि हरकत घेतली गेली नाही, तर झाड त्याचं होतं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे.

गेली काही वर्षं फूल कमी पडत होतं. कधी थंडी सरायच्या आतच ऊन तापायचं आणि कळ्या घाईघाईने फुटायच्या. कधी ऐन वेचणीत गारा पडायच्या आणि फुलं जमिनीवरच काळी व्हायची. मंगलीबाई हे बघत होती, पण ते कारण तिला पुरत नव्हतं. टोपली अर्धी राहिली, की ती झाडाखाली पावलं शोधायची. तिच्या आधी कोणीतरी येऊन जात होतं. कोण, तेही तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

एका सकाळी, पडलेली फुलं दिसावीत म्हणून ती झाडाखालचा पाला जाळायला गेली, तर बुंध्याला लोखंडाची पट्टी. बोटभर रुंद, चकचकीत, एका बाजूला लहानशी स्प्रिंग. तिच्या दोरीच्याही वर बांधलेली. इसरूने पावसाळ्याआधी अशाच पट्टीने आपलं कवाड जोडून घेतलं होतं. तिने विळ्याने पट्टी उचकटली आणि थेट हापशी गाठली. इसरू तिथे बैलांना पाणी पाजत होता.

"फूल खाऊन पोट नाई भरलं? आता झाडच पायजे तुले?"

"काय झालं, वैनी?"

तिने पट्टी त्याच्या पायाशी टाकली. "हे तुहं नोहे?"

इसरूने ती उलटसुलट करून पाहिली. "मले झाड घ्याचं असतं त दोरी बांधली असती. लोखंड कायले बांधू? झाड का पळून चाललं होतं?"

हापशीवरच्या बाया हसल्या. मंगलीबाईचा आवाज चढला. "किती वर्सापासून माहं फूल नेऊन राह्यला तू. चोर हायेस."

मग कोणी हसलं नाही. इसरूने पट्टी दगडावर ठेवली, बैल तहानलेलेच वळवले आणि निघून गेला. तिच्या दारावरून जाताना तो मान फिरवू लागला. ती विळा घेऊन झाडाखाली बसू लागली.

तिथेच तिला रिना भेटली. ऊर्जानगरची मुलगी, चंद्रपूरच्या कॉलेजात जंगलाचा अभ्यास करणारी. ग्रामसभेत येऊन तिने झाडं मोजायची परवानगी घेतली होती. तेव्हा मंगलीबाईनेही मान हलवली होती. मोजणं म्हणजे बोट दाखवून मोजणं, असं सगळ्यांना वाटलं. बांधायचं कोणी बोललं नव्हतं, आणि इथे काही बांधलं तर त्याचा अर्थ काय होतो, हे रिनाने विचारलं नव्हतं.

"मावशी, इथली पट्टी कुठे गेली?"

"तू बांधली? कोनाच्या नावानं?"

रिनाला प्रश्न कळायला वेळ लागला. मंगलीबाईने दोरीची रीत सांगितली, तेव्हा तिने बुंध्यावरची दोरी नीट पाहिली. "माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं हे. मला झाड नको, मावशी. ते किती जाड होतं, एवढंच बघायचं आहे."

"काऊन?"

रिनाने सांगितलं. कोळसा जळतो, डिझेल जळतं. धूर विरून जातो, पण त्यातला एक वायू हवेत वर्षानुवर्षं राहतो. पृथ्वीभोवती त्याची गोधडी जाड होत चालली आहे, आतली ऊब बाहेर जात नाही. म्हणून ऊन लवकर तापतं, अवकाळी पाऊस जोर धरतो, फूल वेळ चुकतं. झाडं तो वायू ओढून लाकडात साठवतात. किती साठवतात, ते बुंध्याच्या वाढीवरून कळतं, आणि ती वाढ ही पट्टी सांगते.

"म्हणजे फूल नेणारा हाये," मंगलीबाई म्हणाली. "फक्त दिसत नाई."

"असंच समजा."

"तुहा बाप काय करते?"

"वीज केंद्रात आहे."

"कोळशाच्या?"

"हो."

"धूर तुमचा, अन् गोधडी आमच्या अंगावर. वरून पट्टीही माह्याच झाडाले."

रिनाने मान डोलावली. मग हळूच म्हणाली, "धूर कमी करावाच लागेल. तिथेही. आणि इथला पालाही जाळण्याऐवजी झाडून काढला तर आग जंगलात शिरणार नाही."

"जंगलात आग लागली की सारे आमचंच नाव घेतात. कोळशाचं कोनी घेते का?" तिने विळा मांडीवर घेतला. "अन् झाड किती धूर खाते हे कळलं की उद्या कोनी त्याचा सौदा कराले येईन. तवा?"

"येऊ शकतं," रिना म्हणाली. "झाडांनी साठवलेला वायू कंपन्या विकत घेतात, असे सौदे होतात. मी करत नाही. पण कोणी आलंच, तर आकडा तुमच्याजवळही हवा."

मंगलीबाई बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. रिनाने नजर वळवली नाही.

"पट्टी मी बांधीन," शेवटी ती म्हणाली. "माह्या हातानं. आकडा पयले मले सांगाचा."

आता प्रश्न साक्षीचा होता. झाडाला काही नवं बांधायचं, तर नवऱ्याच्या घरचा माणूस समोर लागतो. ती इसरूच्या दारात जाऊन उभी राहिली.

"चाल. झाडाले पट्टी बांधाची हाये. घरचा माणूस लागते."

"चोर चालते का?" इसरू आतूनच म्हणाला.

ती उंबऱ्याकडे बघत राहिली. "फूल तू नाई नेलं."

"मंग कोनं नेलं?"

"ते पोरगी म्हणते, उनानं नेलं. मी अजून पुरं मानलं नाई."

"अन् मी नाई नेलं, हे?"

"हे मानलं."

इसरूने खांद्यावर दुपट्टा टाकला. "हापशीवर सांगशीन का हे? बाया असताना?"

"सांगीन," ती म्हणाली. ते तिला कडू गेलं, हे दिसत होतं.

झाडाशी इसरूने रिनाच्या नव्या पट्टीचं एक टोक धरलं, मंगलीबाईने बुंध्याला वळसा घालून दुसरं आणलं आणि रिनाने दाखवलं तशी स्प्रिंग स्वतः अडकवली. रिनाने वाकून बारीक खुणा वाचल्या आणि आकडा सांगितला.

मंगलीबाईने इसरूला पुढे ढकललं. "पाय बरं, बरोबर वाचून राह्यली का ते."

इसरूने डोळे बारीक केले, बोट टेकवत टेकवत खुणा मोजल्या आणि तोच आकडा सांगितला. तिने त्याला पुन्हा एकदा वाचायला लावलं.