सोंदांगवरचा आळ

दिवस कलायला लागला की गावातल्या आया तलावात डुंबणाऱ्या पोरांना हाका मारायच्या. "निघा बाहेर! घरात न विचारता पाण्यात जाल, तर त्या सोंदांगसारखे मराल!"

हाक कानावर पडली की मागावर बसलेल्या लाम्रियाच्या हातातला धोटा जागीच थांबायचा.

सोंदांग तिची एकुलती एक लेक. चार वर्षांपूर्वी तोबा तलावात बुडाली तेव्हा अकराची होती. तलाव असा खोल की देहसुद्धा हाती लागला नाही. गावात बाईला पहिल्या लेकराच्या नावानंच ओळखायचं, म्हणून लाम्रियाला सगळे अजूनही 'सोंदांगची आई'च म्हणत. मिरच्या घेताना, चर्चच्या पायऱ्या चढताना, दिवसातून वीस वेळा ते नाव तिच्या काळजात रुतायचं.

कारण त्या दुपारी काय झालं, ते तिला एकटीलाच ठाऊक होतं.

लग्नासाठी मागवलेल्या शालीचं सूत नुकतंच रंगवून झालं होतं. गिऱ्हाईक घाईला आलं होतं. सोंदांगला मात्र नाताळच्या गाण्यांच्या तालमीला पळायचं होतं.

"आधी सूत धुऊन आण."

"आई, वारा सुटलाय गं. लाटा बघ केवढ्या."

"नखरे पुरे. धुतल्याशिवाय घरात पाय ठेवू नकोस."

पोर गेली. बऱ्याच वेळानं लाम्रिया खाली उतरली, तर काठच्या दगडाला सुताची एक लड अडकलेली. बाकी नुसतं पाणी. लोक धावत येईपर्यंत तिनं ती लड लुगड्यात दडवली. नवरा मांगिहुत धापा टाकत आला. "पाण्यावर कशाला गेली होती ती?" आणि लाम्रियाच्या तोंडून निघून गेलं, "मला कुठं विचारलं तिनं? पोहायला गेली असेल."

शब्द तोंडातून सुटला तो सुटला. गावानं तो उचलला. ताडीच्या दुकानात बसून मांगिहुत म्हणायचा, "हट्टी होती माझी पोर. ऐकलं असतं, तर आज असती." रविवारच्या शाळेत बाई मुलांना आज्ञा पाळायला शिकवताना सोंदांगचंच उदाहरण द्यायच्या.

लाम्रिया उपासना चुकवायची नाही. पण प्रार्थनेला डोळे मिटले की पुढ्यात तलावाचं पाणीच यायचं. बायकांच्या गायनात ती नुसते ओठ हलवायची. 'देवबापा, क्षमा कर' असं तिनं इतक्यांदा म्हटलं होतं की ते शब्द वाळून कोळ झाले होते. अन्न गोड लागेना, झोप लागेना. हसणं म्हणजे काय ते ती विसरली होती.

एका दुपारी ती तलावात उतरली. गुडघे बुडाले, कंबर बुडाली, तरी ती थांबेना.

"सोंदांगच्या आई! कुठं चाललीस?"

काठावर मारिहोतची आजी धुणं धूत होती. नातवाच्या नावानं ओळखली जाणारी, चर्चच्या वडीलमंडळातली म्हातारी, तोंडानं फटकळ. लाम्रिया पुढंच चालली, तशी म्हातारी लुगड्यासकट पाण्यात शिरली आणि तिच्या दंडाला धरून तिला ओढतच बाहेर घेऊन आली. "माझी हाडं सत्तर वर्षांची आहेत. पुन्हा असं पळवू नकोस मला. बैस. आणि बोल."

लाम्रियानं सगळं सांगितलं. लड, लाटा, तिनं पोरीला दिलेला दम. सांगताना दात वाजत होते.

"देवाला सांगितलंस?"

"हजारदा. पण शांती नाही मिळत, आजी. त्यानं माझं तोंड बघणंच सोडलंय."

म्हातारीनं पदर पिळला. मग म्हणाली, "येशूनं दुसऱ्यांचं पाप आपल्या अंगावर घेतलं. तू आपलं पाप मेलेल्या लेकराच्या अंगावर टाकलंस. त्यानं तुला टाकलेलं नाही, पोरी. तो तुझ्या दाराशीच उभा आहे. पण तुझ्या लेकीवरचा आळ तो कसा उतरवणार? तो तुलाच उतरवायचाय."

रविवारी उपदेश संपल्यावर लाम्रिया उभी राहिली. पाळकांनी मान हलवून परवानगी दिली. समोरचा बाक घट्ट धरून ती म्हणाली, "माझी सोंदांग आज्ञा मोडून गेली नव्हती. वारा आहे, असं सांगत होती. मी तिला हाकललं. आणि मग खोटं बोलले. तुमच्या पोरांना तिचं नाव घेऊन भिववू नका. मी पाया पडते."

मांगिहुत उठला आणि कुणाकडेही न बघता बाहेर गेला.

तो नऊ दिवस भावाकडे राहिला. त्या नऊ दिवसांत कुणी तिच्या दाराशी आलं, कुणी वाट बदलली. "आई आहे की कैदाशीण!" असं नळावर कुणीतरी तिला ऐकू जाईल असं बोललं. तिनं ऐकून घेतलं. नवल हे की रात्री ती झोपली. प्रार्थनेला बसली तेव्हा डोळ्यांपुढे तलावाचं पाणी आलं नाही. 'प्रभू' एवढंच म्हणाली आणि रडली, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, कुणीतरी ऐकतंय.

दहाव्या दिवशी मांगिहुत आला. उंबऱ्यातच उभा राहिला.

"ती लड कुठाय?"

तिनं पेटीच्या तळातून काढून दिली. कितीतरी वेळ तो ती बोटांनी चाचपत राहिला. मग खाली बसला. "चार वर्षं मी तिला हट्टी म्हणत आलो. माझ्याच पोरीला." त्याला हुंदका आवरेना.

"मला तुला माफ करता येत नाही अजून," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे मला."

"भूक लागलीय."

तिनं भात वाढला. जेवणाआधीची प्रार्थना नेहमी तो म्हणायचा. आज त्याच्याकडून सुरुवातच होईना. तिनंच म्हटली.

ईस्टरला पहाटे सगळी मंडळी कबरींपाशी गातात. सोंदांगची कबरच नाही, म्हणून ही दोघं दरवर्षी घरीच राहत. त्या वर्षी मात्र मारिहोतच्या आजीनं पाळकांना बजावलं, आणि कबरींपाशी गाऊन झाल्यावर सारी मंडळी तलावाकाठी उतरली. उजाडत होतं. गाणं कुणी सुरू करायचं, यावर सगळे घुटमळले, तेव्हा मांगिहुतनंच तोंड उघडलं. सूर इतका वर लावला की दुसऱ्या ओळीला त्याचा आवाज फाटला आणि कोंबड्यासारखा चिरका ओरडा निघाला. पोरं खिदळली.

आणि लाम्रियाला हसू फुटलं. तिचं तिलाच भय वाटलं, हात तोंडावर गेला.

"हसतेस काय? तू म्हण की मग!" मांगिहुत गुरगुरला.

तिनं सूर खाली घेतला आणि गायला लागली.