चिंधी आणि पटका

कोऱ्या कापडाला एक वास असतो. खळीचा, गोदामातल्या कोंडलेल्या काळोखाचा, थोडासा ओल्या पिठाचा. दुकानदार गादीवर ठाण फेकतो, कापडाची शुभ्र घडी सरसर उलगडत जाते आणि तो वास आपल्या नाकाशी येऊन थबकतो. चारचौघींना या वासाने सणवार आठवतात, माहेर आठवतं, लग्नातलं रुखवत आठवतं. मला मात्र लाज आठवते! हसू नका. आयुष्यात कधी ना कधी प्रत्येकाची लाज कुठल्यातरी वासाला चिकटून बसते. कुणाची रॉकेलला, कुणाची अत्तराला. माझी कोऱ्या पटक्याला चिकटली आहे आणि इतकी वर्षं धुऊनही ती निघत नाही.

आमच्या गोदाकाठच्या गावात दुखवटा कापडाने फिटतो. घरात मृत्यू झाला की कर्त्या पुरुषाने डोक्याला काही घालायचं नाही. ऊन असो, वारा असो, उघड्या डोक्याने हिंडायचं. त्याला पाहताच जगाने ओळखावं की याचं आभाळ फाटलं आहे. मग तेराव्याला सोयरे कोरे पटके घेऊन येतात, त्याला पाटावर बसवतात, डोक्याला पटका बांधतात आणि तो पुन्हा माणसांत येतो. किती शहाणी रीत! दुःखालाही कुठेतरी बांध घालावा लागतो, हे आमच्या पूर्वजांना पुस्तकं न वाचता कळलं होतं. पण या रीतीच्या पोटात आणखी एक रीत आहे. ज्याचा पटका डोक्यावर घेतला, त्याच्याविषयी मनात किल्मिष ठेवायचं नाही. पटका बांधला की सगळं मिटलं.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, गावातल्या मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होता. त्या गृहस्थांना सारं गाव मालक म्हणे, म्हणून मीही तेच म्हणते. तेव्हा गावात वीज नवी नवी आली होती. तिकडे येलदरीला धरणाच्या पाण्यातून ती कशी काढतात, याच्या कथा पारावर रंगत आणि बटण दाबताच विहिरीचं पाणी धो धो पाटात पडताना बघायला म्हातारी माणसंही काठी टेकत जात. मालकांच्या विहिरीवरच्या मोटारीची वायर एका जागी तडकली होती, आतली तार उघडी पडली होती. दादाने ते त्यांच्या कानावर घातलं. मालकांनी आपल्या जुन्या धोतराचा काठ टरकन फाडला आणि तिथे चिंधी गुंडाळली. "झालं की रे! येत्या बाजारी नवी आणू." सोनपेठचा बाजार आठवड्याला भरतो. बाजार आले, बाजार गेले, मालक भाजी आणत राहिले, पेंड आणत राहिले. वायर काही आली नाही. माघातल्या एका भर दुपारी गव्हाला पाणी देताना ती चिंधी भिजली आणि दादाचा पाय तिच्यावर पडला.

पंचनाम्यात अकस्मात मृत्यू लिहिला गेला. ओल्या अंगाने वायरीजवळ गेला, नशीब त्याचं, असं पंच म्हणाले. नशीब हा शब्द किती सोयीचा! जिवंत माणसाचा सगळा आळस मेलेल्या माणसाच्या कपाळी लिहून मोकळं होता येतं.

तेराव्याला मालक आले. बरोबर गावातली चार वजनदार माणसं आणि हातात कोरा, कडक, पांढराशुभ्र पटका. दादाचा मुलगा अंगावर पिणारा, म्हणून पाटावर आमचे वडील, आबा, बसले होते. सोयऱ्यांच्याही आधी मालक पुढे सरसावले आणि त्यांनी आबांच्या डोक्याला पटका बांधला. "घडू नये ते घडलं. आता मनात काही ठिवू नका." आबांनी मान खाली घातली. त्यांनी ती वर करायला हवी होती का? कुणाच्या बळावर? ज्याच्या शेतावर लेक राबला, त्याच्याच बांधावरून उद्या सरपण आणायचं होतं. खळीचा तो वास साऱ्या ओसरीभर पसरला. दाराआड उभी असलेली माझी वहिनी, गया, रडायची थांबली आणि टक लावून त्या पटक्याकडे बघत राहिली. मी तिच्या शेजारी उभी होते. मला तिच्याकडे बघवेना.

मी तेव्हा परभणीला वसतिगृहात राहून शिकत होते. परत निघाले तेव्हा वहिनी लेकराला कडेवर घेऊन एस.टी.च्या फाट्यापर्यंत आली. "ताई, तुमी शिकल्यासवरल्या. तिथं एखांदा वकील बघा. मला पैशापायी न्हाई जायचं. मला एवढंच इचारायचंय, लेकराचा बाप नशिबानं मेला का चिंधीनं?"

खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला, पण तो अभिमानाचा नव्हता. कोर्टात जायचं म्हणजे मेलेल्या भावाचं मोल मागायचं, असंच मलाही वाटलं. लोक काय म्हणतील? पोराच्या मढ्यावर पोट भरायला निघाले! आणि तेही पटका बांधून घेतल्यावर? पण तिच्या त्या प्रश्नाला उत्तर द्यायची ताकद माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हती. म्हणून मी वकील शोधला.

वकीलसाहेब वयोवृद्ध होते. निजामाच्या काळात उर्दूत कायदा शिकलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीत दावा, गवाही, हर्जाना असे शब्द पानातल्या सुपारीसारखे कडकड वाजत. वहिनी आणि आबा गावाहून आले, तेव्हा त्यांनी वहिनीला खुर्ची दिली, मलाही दिली. आबा मात्र आग्रह करूनही जमिनीवरच बसले. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, वाटा दोन. फौजदारी सरकारची, दिवाणी तुमची. एकीवर गेलं म्हणून दुसरी बंद होत नाही. फौजदारीत कसूर करणाऱ्याला शिक्षा होईल, पण तिला पोलिसांनी हलायला पाहिजे आणि गावानं तोंड उघडायला पाहिजे. दिवाणीत त्याच्या जिवावर जगणारे हर्जाना, म्हणजे भरपाई, मागू शकतात. बायको, लेकरं, आई-बाप. पंचनाम्यात काही का लिहिलेलं असंना. फक्त मुदत असते, ती टळू द्यायची नाही. फी भरायची ऐपत नसली, तर तसा अर्ज करता येतो."

कायदा इतका सरळ असतो? मला वाटायचं, कायदा म्हणजे बड्यांच्या वाड्यातली चावी, आपल्या हाती कधी न येणारी. आणि इथे तर एक म्हातारा माणूस पान चघळत सांगत होता की दार उघडंच आहे, आपणच उंबऱ्यात थबकलो आहोत.

"पन साहेब," आबा हळूच बोलले, "म्या त्याचा पटका बांधून घेतला की."

वकीलसाहेबांनी तोंडातलं पान गालात सरकवलं. "पटका बांधल्यानं तुमच्या सुनेचा हक्क जात नाही. तो तिचा आहे, तुम्हाला सोडता येत नाही. पण समोरचा वकील गवाहीत हेच काढणार, की तुम्ही आपसात मिटवलंत, दोष नाही असं कबूल केलंत. तेव्हा काय सांगणार, ते तुमचं तुम्ही बघा."

घरी गेल्यावर आबांनी मालकांचा तो पटका काढून खुंटीला टांगला, असं वहिनीने मला पुढे सांगितलं. मी म्हटलं, असेल. मालकाचा पटका डोक्यावर नकोसा झाला असेल. दुसरा घ्यायला ऐपत नसेल. माणूस आपल्याला कळेल तेवढंच समजतो, दुसरं काय?

वहिनीने दिवाणी दावा लावला. आबांच्या साक्षीची तारीख उन्हाळ्यात आली. मी स्टँडवर त्यांना आणि वहिनीला आणायला गेले. एस.टी.तून आबा उतरले ते उघड्या डोक्याने. पांढरे विस्कटलेले केस, मळकं धोतर, कपाळावर घामाचे ओघळ. आमच्याकडे म्हातारा माणूस उघड्या डोक्याने गाव सोडून बाहेर पडत नाही. चारचौघांत नागवं उभं राहिल्यासारखं वाटतं. आणि हा रस्ता तर माझ्या कॉलेजचा! मी त्यांना हाताला धरून स्टँडसमोरच्या दुकानात नेलं. दुकानदाराने टोप्यांची चळत पुढे केली. तोच कोऱ्या कापडाचा वास. "आबा, एक टोपी तरी घ्या. माझ्याजवळ पैसे आहेत. असं कोर्टात कसं जायचं? लोक हसतील हो!" आबांनी टोपीवरून नुसता हात फिरवला आणि ती खाली ठेवली. "राहू दे पोरी. आज असंच जायचंय."

मी चिडले. हट्टी म्हातारा, असं मनातल्या मनात म्हणाले. आणि मग, आता लपवून तरी काय करू, मी पदर कपाळाखाली ओढून घेतला आणि भर बाजारातून त्यांच्या मागे, अंतर राखून चालले. वहिनी मात्र लेकराला घेऊन त्यांच्या बरोबरीने चालत होती.

कोर्टात आमच्या वकीलसाहेबांनी आधी मालकांनाच साक्षीला उभं केलं. डोक्यावर फेटा ताठ, मिशीला पीळ. चिंधीचं विचारलं तेव्हा ते चक्क हसले. "बांधली होती की साहेब! सगळेच बांधतेत. त्यात काय एवढं?" आमचे वकीलसाहेब लगेच खाली बसले. त्यांना याहून जास्त काही नको होतं. ज्याला लाज वाटायला हवी, त्याला ती शिवतही नाही, म्हणून तर तो खरं बोलून जातो! आणि लाज बिचारी, राहायला जागा हवी म्हणून आमच्यासारख्यांच्या घरी मुक्कामाला येते.

मग आबा पिंजऱ्यात उभे राहिले. समोरच्या वकिलाने अपेक्षेप्रमाणे विचारलं, तेराव्याला मालकांचा पटका बांधून घेतलात की नाही? घेतला, आबा म्हणाले. म्हणजे दुखवटा फिटला, प्रकरण मिटलं, खरं ना?

आबांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. "पटका घरी खुंटीला हाय साहेब. डोस्कं बघा माझं. उघडं हाय. भर बाजारातून असंच आलो, समद्यांनी बघितलंय. माझा दुखवटा फिटला न्हाई."

कोर्टात कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी मान वर करून त्या पांढऱ्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग लिहायला घेतलं. आमच्या रीतीने आमच्या हक्कावर घातलेलं कुलूप आबांनी त्याच रीतीच्या किल्लीने उघडलं होतं, आणि ती किल्ली डोक्यावर घेऊन ते चालत असताना मी तिच्यावर टोपी घालायला निघाले होते. मागच्या बाकावर बसून मी पदराखाली रडले. कुणाला दिसू नये म्हणून नव्हे. वर बघायचं तोंडच नव्हतं.

निकाल पुष्कळ तारखांनंतर लागला. तो इंग्रजीत होता. वहिनीने हर्जाना किती, हे विचारलंच नाही. तिने वकीलसाहेबांचा कोट धरला. "काय म्हणले साहेब? नशीब म्हणले का चिंधी?"

"चिंधी म्हणाले, बाई. मालकाचा कसूर म्हणाले."

वहिनीने डोळे मिटले. मग पिशवीतून आबांचा जुना पटका काढला. दादा असतानाचा, धुऊन धुऊन मऊ झालेला, खळीचा मागमूस नसलेला. कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली आबांना बसवून तिने आपल्या हातांनी तो त्यांच्या डोक्याला बांधला. बाईने पटका बांधायची आमच्यात रीत नाही. पण तिला कोण अडवणार होतं? आबा लहान मुलासारखे मान पुढे करून बसले होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते दादासाठी मोकळ्याने रडले.

आबा गेले, त्यालाही आता काळ लोटला. मी आजही कापडाच्या दुकानात जाते. ठाण उलगडतं, तो वास येतो आणि परभणीचा तो उन्हातला रस्ता समोर उभा राहतो. पुढे एक उघडं डोकं आणि मागे, अंतर राखून, तोंड झाकून चालणारी मी. दुकानदार विचारतो, ताई, काय दाखवू? माझा हात आपोआप डोक्याकडे जातो आणि मी पदर मागे सारते. मग तशीच थोडा वेळ उभी राहते, आबांच्या शेजारी.